ठिगळ की नवा सदरा? नकोशा अपडेटचा इतिहास

शिलाई मशीन विकत घेतले की ते आपले होते. त्याला तेल कधी घालायचे, जुना पट्टा बदलायचा की अजून वर्षभर चालवायचा, हे आपण ठरवतो. कारखान्याचा माणूस रात्री घरात शिरून मशीनचे चाक बदलून गेला, असे कधी घडत नाही. स्मार्टफोनच्या बाबतीत मात्र जवळपास असेच घडते. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी हातात घ्यावा, तर पडद्यावरची चिन्हे बदललेली असतात, सवयीची कळ भलत्याच ठिकाणी गेलेली असते आणि फोन कालच्यापेक्षा मंद वाटतो. यालाच आपण 'अपडेट आले' असे म्हणतो.

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "अपडेट कधी करूच नये, चांगला चाललेला फोन बिघडतो." दुसरा म्हणतो, "आले की लगेच करावे, नाहीतर बँकेचे पैसे जातील." गंमत अशी की दोघांच्याही बाजूने खरे दाखले देता येतात. मग कोणाचे ऐकायचे? हे ठरवण्यासाठी अपडेट ही गोष्ट मुळात कशी सुरू झाली आणि कशी बदलत गेली, ते पाहिले पाहिजे.

कागदी फितीवरचे ठिगळ

१९४४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क १' नावाचे अजस्र गणनयंत्र काम करू लागले. त्याला आज्ञा द्यायच्या त्या भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. एखादे भोक चुकीच्या जागी पडले तर? सगळी फीत पुन्हा तयार करण्यापेक्षा त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवणे सोपे होते. जपून ठेवलेल्या अशा फितींवर ही ठिगळे आजही दिसतात. संगणकाच्या आज्ञावलीतील दुरुस्तीला आजही 'पॅच', म्हणजे ठिगळच म्हणतात.

या ठिगळाचे स्वरूप नीट लक्षात घ्या. चूक एका जागी, तुकडा तेवढ्याच जागी. बाकीची फीत होती तशीच. आणि ठिगळ लावणारा माणूस म्हणजे ते यंत्र वापरणाराच. आपल्या पुढच्या सगळ्या इतिहासाचा सारांश असा, की या दोन्ही गोष्टी हळूहळू सुटत गेल्या. ठिगळाबरोबर नवे कापडही येऊ लागले, आणि सुई वापरणाऱ्याच्या हातातून निर्मात्याच्या हातात गेली.

ठिगळाची घाई कशासाठी?

संगणक एकेकटे होते तोवर दुरुस्तीची घाई नव्हती. फ्लॉपी किंवा सीडी टपालाने येई आणि सवडीने घातली जाई. संगणक एकमेकांना जोडले गेल्यावर चित्र पालटले. आता आज्ञावलीतील चूक म्हणजे नुसती गैरसोय उरली नाही. ती परक्या माणसाला आत शिरायची वाट झाली.

१६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील अशाच एका चुकीवर ठिगळ प्रसिद्ध केले. ते लावणे वापरणाऱ्याच्या मर्जीवर होते आणि असंख्य लोकांनी ते लावले नाही. ११ ऑगस्टला, म्हणजे २६ दिवसांनी, त्याच चुकीतून शिरणारा 'ब्लास्टर' हा उपद्रवी कार्यक्रम जगभर पसरला. यातून एक विचित्र सत्य पुढे आले. ठिगळ प्रसिद्ध करणे म्हणजे फाटके कोठे आहे, हेही जगाला सांगणे! ज्यांनी ठिगळ लावले ते सुरक्षित होतात, पण ज्यांनी लावले नाही ते पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येतात. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळे देण्याचा प्रघात पाडला. २००४च्या 'एक्सपी सर्व्हिस पॅक २'मध्ये तर दुरुस्त्या आपोआप घेण्यावर भर दिला गेला.

एवढे होऊनही २०१७मध्ये तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. १४ मार्चला ठिगळ आले, १२ मे रोजी 'वॉनाक्राय' आला. या खंडणीखोर कार्यक्रमाने दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, असा तेथील अंदाज आहे. अपडेट टाळण्याची किंमत अशीही असते.

पण नाण्याची दुसरी बाजू जेमतेम दीड महिन्यात दिसली. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा कार्यक्रम युक्रेनमधून पसरला. तो आला कोठून? तेथील हिशेबाच्या एका लोकप्रिय आज्ञावलीच्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी निर्मात्याच्याच यंत्रणेत शिरून अपडेटमध्ये विष कालवले होते. ही लागण मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचली आणि तेथील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. ज्यांनी नेमाने अपडेट घेतले, तेच आधी सापडले. म्हणजे 'आले की लगेच घ्या' हाही निरपवाद नियम नव्हे.

विकतचे अपडेट आणि फुकटचे अपडेट

आता फोनकडे वळू. फोनमधील सगळ्या कामांचा मेळ घालणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. साध्या मोबाइलच्या काळात ती कारखान्यात एकदा भरली जाई. बदलायची झाली तर बहुतेकांना सेवाकेंद्रात जावे लागे. २००७ साली आलेल्या आयफोनची कार्यप्रणाली संगणकाला तार जोडून बदलावी लागे. ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला मात्र अपडेट बिनतारी मिळू लागले. २०११पासून आयफोनलाही ती सोय झाली. तार गेली आणि तिच्याबरोबर आपण होऊन काहीतरी करायचा क्षणही गेला.

आणखी एक बारीक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. अ‍ॅपलच्या आयपॉड टच या उपकरणासाठी २००८ आणि २००९ साली नवी कार्यप्रणाली विकत घ्यावी लागे. किंमत होती ९.९५ डॉलर. २०१०पासून ती फुकट झाली. वरवर पाहता हा ग्राहकाचा फायदाच. पण विकायच्या वस्तूचे गुण ग्राहकाला पटवून द्यावे लागतात आणि ग्राहक 'नको' म्हणू शकतो. फुकटची वस्तू पटवून द्यावी लागत नाही, ती आपोआप येते.

याचा परिणाम लगेच दिसला. जून २०१०मध्ये आयफोनची चौथी कार्यप्रणाली आली. ती २००८च्या 'आयफोन ३जी'वरही चालेल असे सांगितले होते. त्या फोनची कार्यकारी स्मृती, म्हणजे रॅम, होती १२८ मेगाबाइट. त्या वर्षीच्या नव्या 'आयफोन ४'ची होती ५१२. जुने फोन इतके मंदावले की लोक हैराण झाले. सप्टेंबरमधील पुढच्या दुरुस्तीने काहीसा दिलासा मिळाला. कॅलिफोर्नियात ग्राहकांनी दावा लावला, पण २०११मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. निकालातील एक मुद्दा असा होता, की हे अपडेट फुकट दिलेले असल्यामुळे येथे 'विक्री' झालीच नाही. फुकटपणाने ग्राहकाचा हक्कही कसा पातळ होतो, याचा हा नमुना आहे.

फोन मंद का होतो, हे आता सहज समजेल. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बहुधा त्या वर्षीचे यंत्र डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असते. तिला अधिक स्मृती, अधिक जागा आणि अधिक वेगवान चिप हवी असते. जुन्या फोनमध्ये ती अंगावर घट्ट होते.

बॅटरी, अंतर्गत रोध आणि न सांगितलेली गोष्ट

कधीकधी मात्र फोन मुद्दाम मंद केला जातो. याचे गाजलेले उदाहरण भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात जरूर वापरावे.

विद्युतघटाच्या टोकांमधील विभवांतर काढताना आपण विद्युतचालक बलातून 'विद्युतधारा गुणिले अंतर्गत रोध' एवढी राशी वजा करतो. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, विद्युतचालक बल ३.८ व्होल्ट आहे, नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम आहे आणि चिपने जोर लावताना क्षणभर ४ अँपिअर धारा ओढली. टोकांवर ३.४ व्होल्ट उरतील. रोध वाढून ०.२ ओहम झाला, तर त्याच धारेला ३ व्होल्टच उरतील. फोनला किमान ३.२ व्होल्ट लागत असतील, तर तो तेथेच बंद पडेल. बॅटरीत विद्युतभार शिल्लक असूनही! आता धारा निम्मी, म्हणजे २ अँपिअर करा. विभवांतर पुन्हा ३.४ व्होल्ट होते. फोन बंद पडत नाही, पण चिप सावकाश चालते.

हे आकडे आम्ही गणितासाठी घेतले आहेत, पण तत्त्व नेमके तेच होते. २०१६मध्ये काही आयफोन अचानक बंद पडू लागले. जानेवारी २०१७च्या एका अपडेटमध्ये अ‍ॅपलने जुन्या बॅटरीच्या फोनांवर चिपचा कमाल वेग आवरणारी योजना घातली. शास्त्र म्हणून उपाय चोख होता. पण 'तुमची बॅटरी थकली आहे, म्हणून आम्ही फोन सावकाश केला आहे' हे ग्राहकाला कोणी स्पष्ट सांगितले नाही. अनेकांना वाटले, फोनच म्हातारा झाला. बॅटरी बदलून भागले असते तेथे नवा फोन घेण्याची वेळ आली. डिसेंबर २०१७मध्ये जॉन पूल या संगणकतज्ज्ञाने फोनांच्या वेगाच्या मोजण्यांचे आलेख प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या आवृत्त्यांचे आलेख शेजारी ठेवताच घसरण उघडी पडली. त्यानंतर अ‍ॅपलने गोष्ट मान्य केली, दिलगिरी व्यक्त केली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारी आणि ही योजना बंद करण्याची मुभा देणारी सोय आली. २०२०मध्ये फ्रान्सने याच कारणासाठी २.५ कोटी युरोचा दंड केला. दंड आकारताना ठपका होता तो ग्राहकाला न सांगितल्याबद्दलचा. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याहून टोकाचा प्रसंग सॅमसंगच्या 'गॅलक्सी नोट ७'चा. २०१६मध्ये या फोनांच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीने फोन परत मागवले, तरी काहींनी ते दिले नाहीत. डिसेंबरमध्ये अमेरिकेत असे अपडेट पाठवायचे ठरले, की फोन चार्जच होऊ नये. म्हणजे अपडेटच्या रूपाने फोनला मूठमातीच! व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीने आधी यास नकार दिला. सुट्टीच्या प्रवासात एखाद्याजवळ दुसरा फोन नसेल तर तो संकटात मदत कशी मागेल, असा तिचा प्रश्न होता. आग लागू नये हेही खरे आणि संपर्क तुटू नये हेही खरे. अशा वेळी निर्णय कोणाचा?

दुरुस्ती आणि बदल वेगळे करताना

अँड्रॉइडच्या जगात रोग नेमका उलटा होता. तेथे अपडेट नकोसे होण्याइतके येतच नव्हते. गूगलने दुरुस्ती केली तरी ती चिप बनवणारा, फोन बनवणारा आणि कधीकधी दूरध्वनी कंपनी, एवढ्या हातांतून जाई. जुलै २०१५मध्ये 'स्टेजफ्राइट' ही चूक उघडकीस आली. नुसता एक चित्रसंदेश पाठवून परक्याला फोनमध्ये शिरता येईल अशी ती होती, आणि सुमारे ९५ कोटी फोन तिच्या कक्षेत येतात असा अंदाज शोधकर्त्यांनी दिला. पुढच्याच महिन्यात गूगल आणि सॅमसंग यांनी दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले.

आमच्या मते या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. कारण येथे 'सुरक्षेची दुरुस्ती' आणि 'कार्यप्रणालीची नवी आवृत्ती' यांचे हिशेब वेगळे झाले. ठिगळ लावायला दिलेला सदरा शिंप्याने उसवून नव्या धाटणीने शिवून दिला तर आपण भांडू. अपडेटमध्ये हेच होत होते. ठिगळ हवे असेल तर नवी धाटणीही घ्या, अशी अट होती. २०१७च्या अँड्रॉइड ८मध्ये आणि २०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये कार्यप्रणालीचे भाग सुटे करण्याचे काम पुढे गेले. अ‍ॅपलनेही २०२१मध्ये नवी आवृत्ती न घेता जुन्या आवृत्तीवर राहून फक्त सुरक्षा-दुरुस्त्या घेण्याची मुभा दिली. पण २०२२च्या आरंभी ती काढून घेतली गेली. ही सोय तात्पुरतीच होती, असे कंपनीने सांगितले.

परतीची वाट का नाही?

नवी आवृत्ती आवडली नाही तर जुनी परत घालता का येत नाही? फोन सुरू होताना आपल्या कार्यप्रणालीवर निर्मात्याची अंकीय सही आहे की नाही, हे तपासतो. नवी आवृत्ती आल्यावर काही दिवसांत अ‍ॅपल जुन्या आवृत्तीला सही देणे थांबवते. अँड्रॉइड ८पासून फोनला आपल्या आवृत्तीचा क्रमांक सुरक्षित जागी नोंदवून त्याहून जुनी नाकारण्याची व्यवस्था उपलब्ध झाली. यामागे कारण आहे. चोरलेल्या फोनात चोराला जुनी आवृत्ती घालता आली, तर तो जुन्याच भोकातून आत शिरेल. म्हणजे चोरासाठी बंद केलेले दार मालकासाठीही बंद होते.

इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेने २०१८मध्ये नेमके येथेच बोट ठेवले. नव्या फोनांसाठी घडवलेली कार्यप्रणाली जुन्या फोनांवर घ्यायला लावली, परिणाम नीट सांगितले नाहीत आणि फोन पूर्ववत करण्याचा मार्गही ठेवला नाही, असे म्हणत तिने अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला. अ‍ॅपलच्या दंडातील निम्मी रक्कम बॅटरीविषयी माहिती न दिल्याबद्दल होती. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नवे नियम लागू झाले आहेत. फोनच्या एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही निर्मात्याने त्याची अपडेट्स किमान ५ वर्षे फुकट उपलब्ध ठेवावीत, असे ते सांगतात. आपल्याकडे जानेवारी २०२५मध्ये अपडेटनंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅपलला नोटीस पाठवल्याचे ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले. म्हणजे हा विषय आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

मग आपण काय करावे?

इतिहासातून निघणारा सल्ला साधा आहे. प्रत्येक अपडेटला आधी विचारावे: हे ठिगळ आहे की नवा सदरा?

नुसती सुरक्षा-दुरुस्ती असेल तर ती टाळू नये, चार-आठ दिवसांत घ्यावी. २००३चे २६ दिवस आठवावेत. एखादी चूक आजच वापरली जात आहे असे निर्मात्याने सांगितले, तर तेवढेही थांबू नये. आवृत्तीच बदलणार असेल तर काही आठवडे थांबण्यात शहाणपण आहे. सप्टेंबर २०१४मध्ये अ‍ॅपलच्या एका अपडेटने 'आयफोन ६'वरील फोन लागणेच बंद झाले होते. ते अपडेट तास-दीड तासात मागे घेतले गेले आणि लगेच दुरुस्ती आली. जे थांबले त्यांना त्रास झाला नाही.

थांबायचे तर आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावे लागते. आयफोनवर सेटिंग्जमधील 'सॉफ्टवेअर अपडेट'च्या पानावर तशी कळ असते. अँड्रॉइडवर तिची जागा कंपनीगणिक बदलते, पण 'सॉफ्टवेअर अपडेट' असा शोध घेतल्यास बहुधा सापडते. कोणतेही मोठे अपडेट घेण्यापूर्वी छायाचित्रे आणि संपर्क यांची प्रत दुसरीकडे ठेवावी, फोनमध्ये पुरेशी जागा करावी आणि बॅटरी भरून घ्यावी. परतीची वाट नाही, हे गृहीत धरूनच पुढे जावे. परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या कामाच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नये. आणि नॉटपेट्याचा धडा लक्षात ठेवून अपडेट फक्त फोनच्या सेटिंग्जमधूनच घ्यावे. संदेशातून आलेल्या दुव्यावरचे 'अपडेट' हे सापळाच समजावे.

ज्या फोनला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, त्याचे काय? तो लगेच टाकून देऊ नये. गाणी, घड्याळ, छायाचित्रे यांसाठी तो उत्तम. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नयेत. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे आपण विचारतो. सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हेही विचारले पाहिजे. २०२३मध्ये गूगलने आणि २०२४मध्ये सॅमसंगने आपल्या काही वरच्या फोनांसाठी ७ वर्षांचे आश्वासन दिले. ते स्वस्त फोनांपर्यंत यायचे असेल, तर ग्राहकांनी ते मागावे लागेल.

आठवी-नववीच्या वर्गात एक छोटा प्रकल्प करता येईल. घरातील अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' या नावाने एक तारीख दिलेली असते. प्रत्येक विद्यार्थ्याने ती तारीख, फोन घेतल्याचे वर्ष आणि कार्यप्रणालीची आवृत्ती, एवढे तीन रकाने भरून आणावेत. नावे लिहू नयेत. मग फळ्यावर आलेख काढावा आणि विचारावे: गावातील फोनांना शेवटचे ठिगळ कधी लागले? महाग आणि स्वस्त फोनांत फरक दिसतो का? घरात अपडेटचा निर्णय कोण घेते: आजी, आई, थोरला भाऊ की कोणीच नाही?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. १९४४मध्ये ठिगळ लावणाऱ्याला आपण काय चिकटवतो आहोत आणि का, हे दोन्ही माहीत होते. आपल्या खिशातील यंत्राबद्दल तेवढे विचारण्याची सवय मुलांना आतापासून लागायला हवी.